इन्शिराहच्या छातीचा ठोका

हृदयाचे हजारो ठोके ऐकवून मी संगणकाला आजारी आणि निरोगी ओळखायला शिकवलं. आजारी ठोके आमच्या इजिप्तमधल्या तांता शहराच्या इस्पितळातल्या शांत खोलीत टिपले. निरोगी मात्र माझ्या लाडक्या मशिदीच्या अंगणात, पैगंबरांची स्तवनं रंगात आलेली असताना.

"अहो हाजी, महिनाभर सांगतेय, छाती धडधडते," बायको इन्शिराह म्हणाली. रेडिओवर स्तवन लागलं होतं. डोलत डोलतच मी तिचा ठोका संगणकाला ऐकवला.

"बघ, निरोगी!"

"घर पेटलं तरी डोलत बसाल!" तिनं रेडिओ बंद करून पुन्हा ऐकवायला लावलं. आता संगणक म्हणाला, "आजारी."

डॉक्टरीणबाईंनी नळी लावली. "झडप बिघडलीय. महिनाभर काय करत होता?"

 

शिष्य गुरूवरच गेला होता. स्तवन लागलं की माझ्या बायकोचं हृदय त्यालाही ऐकू येत नव्हतं.