फिकी बाही

"हात वर करून बोलायचं, तर उद्यापासून पाटी-दप्तरही आणू का?" काजवाली कॉलरवालीच्या कानाशी पुटपुटली.

"गप गं. टोमणे बंद आहेत." कॉलरवालीने हनुवटीनेच भिंतीवरचा फलक दाखवला. त्यावर ठळक अक्षरांत तीन ओळी होत्या. एकेकाने बोला. कारण देऊन बोला. टोमणे नकोत, भांडण नको.

शिलाईच्या खोलीत पाच खुर्च्या गोल मांडल्या होत्या. या जागी पूर्वी एक लांबलचक टेबल होतं आणि त्याच्याभोवती बसून या बायका दिवसभर हात आणि तोंड एकाच वेगाने चालवत. दोन महिन्यांपूर्वी ते गेलं. आता जिचं तिचं मशीन, मध्ये आडोसा, आणि बोलायचं ते बुधवारी, चार ते साडेचार. मालकांच्या धाकट्या लेकीने, ताईंनी, या खोलीत नवी संस्कृती रुजवायचं मनावर घेतलं होतं. काय कधी रुजेल त्याच्या तारखाही त्यांच्या वहीत होत्या. मनाने मात्र बाई सरळ. खुर्च्या त्यांनी स्वतः ओढून मांडल्या होत्या आणि डुगडुगणारी आपल्याकडे घेतली होती.

आज त्यांच्या मांडीवर एक निळा शर्ट होता. असे तीनशे परत आले होते. त्यांनी तो खिडकीशी धरला. उन्हात डावी बाही निळी दिसली, उजवी फिकी.

"उजवी बाही उलट्या बाजूने लावलीय. प्रत्येक शर्टाला. मला कुणाला रागवायचं नाहीये. का झालं, एवढंच सांगा."

कुणाचाच हात वर झाला नाही.

"चुकांच्या चिठ्ठ्यांची पेटीही रिकामी. मला वाटत होतं, सगळं छान चाललंय." ताई बाहीवालीकडे वळल्या. "मावशी, बाह्या तुम्ही लावता. तुम्ही गप्प राहिलात तर बाबा उद्या तुमच्या जागी दुसरी बाई बसवतील. मी तरी काय सांगून त्यांना थांबवू?"

बाहीवाली बोटातलं अंगुस्तान फिरवत राहिली. "माझं लक्ष नव्हतं."

"तीनशे वेळा?"

"लक्ष नसलं की नसतं, ताई."

काजवालीचा हात अर्धा वर गेला, आणि मग उगाच केसांतली पिन काढून पुन्हा खोचून खाली आला. दाराशी कटिंग मास्तर बसले होते, गळ्यात टेप, नजर जमिनीवर.

लांब टेबल होतं तेव्हा अशी बाही पहिल्याच शर्टाला पकडली जायची. मास्तरांकडून कापडाची उलट-सुलट बाजू चुकली, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या, की बाहीवाली तुकडे उंच नाचवायची. "मास्तर, या गिऱ्हाइकाला दोन्ही हात डावेच आहेत का?" काजवाली म्हणायची, "असू दे की, उजव्याने तरी काय दिवे लावलेत!" मास्तर म्हणायचे, "या बायकांच्या जिभेला हाड नाही." आणि हसत हसत परत कापायला घ्यायचे. मग जो तो आपल्या कामाला. झालेलं कुणाच्या लक्षातही राहत नसे.

आता चिठ्ठी होती. काय चुकलं, कुणाचं चुकलं, खाली सही. बाहीवालीने चिठ्ठी घेतली होती, पहिला रकाना भरलाही होता. दुसऱ्यापाशी पेन थांबलं. ती चिठ्ठी तिने ब्लाऊजमध्ये खोचली आणि डाव्या हाताची बाही उलटी करून उजव्या हाताला लावून टाकली. तीनशे वेळा.

"मावशी, कारण सांगा ना," ताईंचा आवाज आता विनवणीवर आला होता. "कारण कळलं तर मी भांडेन बाबांशी."

"भांडायचं नाही असं तुम्हीच लिहिलंय," काजवालीला राहवलं नाही.

ताई काहीतरी म्हणणार होत्या. तेवढ्यात दाराशी हात वर झाला. शाळेतल्या मुलासारखा, कोपरात न वाकलेला.

"बोला, मास्तर."

"मास्तर, बसा तुम्ही," बाहीवाली घाईने म्हणाली. "झालंय आमचं."

मास्तर बसले नाहीत. टेपची दोन्ही टोकं मुठीत धरून उभे राहिले.

"ताई, त्या भिंतीवर काय लिहिलंय हे या सगळ्या दोन महिने बोलतायत. मी अजून वाचलेलं नाही. मला दिसत नाही. दीड वर्ष झालं. या भांडायच्या, त्यावरून चूक कळायची, तसा मी कापत होतो."