लहानू मिस्त्रीची फळी

“लहानू, त्याले सांग, फळी धराले म्हणा!” बबनराव ओट्यावरून ओरडले. ‘तो’ म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, चंद्रभान. तो खाली चार हातांवर उभा होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं.

“लहानू, त्याले सांग, मी कोणाचा नोकर नाई,” चंद्रभान म्हणाला. लहानू मिस्त्रीने थापी खाली ठेवली आणि फळी स्वतःच धरली.

गिरडजवळच्या त्या गावात दोघं भाऊ एकाच जुन्या घरात राहत. जोतं छातीएवढं उंच, ओटा एक, पायऱ्याही एकच. अकरा वर्षांपूर्वी पोळ्याच्या तोरणाखाली आधी कोणाची जोडी उभी राहणार, यावरून दोघांचं वाजलं. आता दोघांकडेही बैल नाहीत. शेती भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालते, अबोला मात्र घरचा. मोठे डावीकडून उतरत, धाकटे उजवीकडून. त्यामुळे विटांच्या पायऱ्या दोन्ही कडांनी फुटल्या आणि मधला भाग जसाच्या तसा राहिला. जावाजावांचं मात्र छान जमायचं. अबोला पाळायचं काम पुरुषांकडे होतं.

चंद्रभानची बायको कोकिळा फुटक्या पायरीवरून घसरली, तेव्हा कुठे पायऱ्या नव्या करायचं ठरलं. बबनरावांनी लहानूला आणलं. त्याने जुन्या पायऱ्या फोडल्या आणि चढायउतरायला एक फळी लावली. एकाने खालून दाबून धरली नाही, तर दुसरा थेट नालीत जाईल अशी ती फळी.

पाचव्या सकाळी लहानू आलाच नाही. समुद्रपूरची बस गाठायची म्हणून बबनराव धुतलेल्या कपड्यांत एकटेच फळीवर आले. फळी हलली.

“दादा, थांब! मी धरतो!” खाली उभ्या चंद्रभानच्या तोंडून निघून गेलं.

बबनराव उतरले. “बरं,” म्हणाले आणि बसस्टँडकडे निघाले. अकरा वर्षांनंतर एवढंच बोलणं झालं. चंद्रभान बराच वेळ फळी धरूनच उभा राहिला.

मग रोजचंच झालं. लहानू दहाला उगवायचा, कधी सिमेंट संपलं म्हणायचा, कधी पायरी वाळू द्या म्हणायचा. दोघा भावांना बोलायला एक विषय मिळाला. लहानूइतका कामचुकार माणूस जिल्ह्यात नाही, यावर त्यांचं पूर्ण एकमत झालं. त्याला शिव्या घालायला दोघं सकाळी ओट्यावर चहा घेऊन बसू लागले. लहानूवरून गोष्ट कापसावर जाई, कापसावरून आईच्या हातच्या पाटोडीवर. बबनराव हसले की चंद्रभानला फार बरं वाटायचं. धाकटं असण्यातलं सुख तो विसरूनच गेला होता.

पंधराव्या दिवशी एकच पायरी उरली. चंद्रभान मनात हिशोब करू लागला. पायऱ्या झाल्या की फळी जाणार, फळी गेली की कोण कोणाला कशाला हाक मारणार? दादा पुन्हा डावीकडून उतरेल, आपण उजवीकडून.

बबनराव शेतावर गेलेले पाहून तो हळूच लहानूजवळ जाऊन बसला.

“लहानू, एक काम कर. हे आखरीची पायरी आठ दिवस राहू दे. काई पन कारन सांग. दादाले मात्र कळू देऊ नको.”

लहानूने कपाळाला हात लावला.

“चंदूभाऊ, चार दिवसांचं काम हाय हे! पंधरा दिवसांपासून तुमच्या दोघांच्या शिव्या खाऊन राह्यलो मी. काऊन? बबनभाऊनं पयल्याच दिवशी हात धरला माहा. ‘चंदू बोलत नाई तोवर काम लांबव, सकाळी उशिरा येजो,’ म्हने. तुमी बोलले, मले वाटलं सुटलो. तं म्हने, ‘हळूहळूच कर.’ अन् काल म्हनते, ‘अजून आठ दिवस लाव, चंदूले कळू देऊ नको.’”

त्याने थापी उचलली.

“आता तुमचे आठ दिवस त्याईच्यातच धरू, का वेगळे?”