जुनं कार्डच चालतंय

"आज येणार बघ ते. गिऱ्हाईक होऊन येतील, नाव सांगणार न्हाईत," शरणप्पामामा फोनवर कुजबुजत होते. "उदगीरचे माणिकप्पा, पोरीचे वडील. धोतर, कपाळाला इबूत, हातात पिशवी. पिशवीत पुतण्याच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड. लई नीतीचा माणूस हाय, संगमेश. आज तुझा नेहमीचा धंदा करू नको, हात जोडतो."

"न्हाई करत मामा," संगमेश म्हणाला.

संगमेशचं लातुरातलं कॉम्प्युटरचं दुकान नऊ वर्षांचं, आणि तो स्वतः चौतीसचा. आतापर्यंत सात ठिकाणांहून नकार आला होता. एकीला पुण्याचा पाहिजे होता, दुसरीला सरकारी नोकरीवाला. तिसरीच्या आईनं तर याच्याच घरचे पोहे खाता खाता विचारलं, "दुकान म्हंजे रोजच उघडावं लागतं का हो?" माणिकप्पांची दामिनी ही आठवी. तिच्याशी तो एकदाच फोनवर बोलला होता, आणि ती मोकळेपणानं हसली होती. तेवढ्यावर गडी पुरता अडकला. हे जमलं नाही तर पुन्हा कुणाच्या दारात जायचं नाही, असं त्यानं आईला, शांतम्माला, सांगून टाकलं होतं. ती माउली दोन दिवस जेवली नव्हती.

आता नेहमीचा धंदा म्हणजे काय, तेही सांगितलं पाहिजे. पडद्यावरचं चित्र भरभर उमटवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. गिऱ्हाईक जुनं कार्ड घेऊन आलं की संगमेश ते टेबलावरच्या कॉम्प्युटरला बसवायचा, पण स्क्रीनची वायर कार्डाला न लावता मागच्या दुसऱ्याच खाचेत खुपसायचा. कार्ड बिचारं नुसतं बसून राहायचं आणि पडद्यावरची मोटार लंगडत पळायची. मग नवं कार्ड, वायर जागच्या जागी, आणि मोटार सुसाट! गिऱ्हाईक आपणहून म्हणायचं, "नवंच द्या." हा शुद्ध हलकटपणा होता आणि संगमेशला तो कळत होता. पण सगळेच करतात, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

अकराच्या सुमाराला म्हातारा आला. धोतर, इबूत, पिशवी, सगळं मामांनी सांगितल्यासारखं.

"हे पुतण्याचं हाय," पिशवीतून कार्ड काढत ते म्हणाले. "घराचे नकाशे काढतो तो. म्हणतो जुनं झालं, नवं पाहिजे. मला यातलं काय कळत न्हाई. तुम्हीच बगून सांगा."

"बसा आप्पा." संगमेशनं स्टूल पुढं सरकवलं.

त्यानं कार्डावरची धूळ ब्रशनं झाडली, पंखा साफ केला, कार्ड तापू नये म्हणून लावलेली, आता वाळून गेलेली पेस्ट खरवडून नवी लावली. मग कार्ड बसवून वायर जिथं लावायची तिथंच लावली. पडद्यावर तीन मजली घराचं चित्र गरगर फिरायला लागलं.

"सेकंदाला साठ चित्रं दाखवतंय, आप्पा. आता नवं बगा." त्यानं नवं कार्ड बसवलं. "हे दीडशे."

"आरं वा! मग नवंच भारी की."

"आकडा भारी हाय. पण पुतण्याची स्क्रीन साधी असंल ना?"

"हाव, साधीच."

"मग ती साठच दाखवणार. वरची नव्वद वाया. डोळ्याला फरक दिसायचाच न्हाई. हे गेम खेळणाऱ्यांचं काम हाय. तुमचं जुनं कार्डच चालतंय."

म्हातारा एकदा या कार्डाकडं, एकदा त्या कार्डाकडं बघत राहिला. "म्हंजे घेऊ नको म्हणता?"

"न्हाई."

"मी तयारीनं आलोय पण." म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशावर हात ठेवला. "पुतण्या रुसंल."

"रुसू द्या. उगं कशाला पैसे घालवता?"

म्हाताऱ्याची नजर कपाटावरून फिरली. "ही नव्या कार्डांची खोकी कधीची पडून हायेत?"

"दिवाळीपासून," संगमेश म्हणाला. खरं बोलायचं ठरवलं की मग सगळंच खरं बोलावं लागतं.

"बरं, साफ केल्याचे किती झाले?"

"काय न्हाई आप्पा. पाच मिनटाचं तर काम." आणि त्यानं शेजारच्या हॉटेलातून दोन चहा मागवले.

चहा पिऊन म्हातारा उठला. "बरं वाटलं," एवढंच म्हणाला आणि पिशवी सांभाळत पायरी उतरला.

संगमेशनं चहाचे ग्लास परत पाठवले. त्याला खरोखर हलकं वाटत होतं. सोयरिकीसाठी म्हणून खरं बोलायला गेला होता, पण बोलता बोलता गोडी लागली. दुपारी एक कॉलेजची पोरगी जुनं कार्ड घेऊन आली. तिलाही त्यानं वायर नीट लावून दाखवलं आणि तेच सांगितलं. ती थँक्यू दादा म्हणून गेली. वायर पुन्हा चुकीच्या खाचेत लावायची नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. आईला फोन करून म्हणाला, "जेवून घे गं. जमतंय बहुतेक." पलीकडं शांतम्मा रडायलाच लागली.

दिवेलागणीला मामांचा फोन आला.

"काय म्हणाले मामा? खूश होते ना?"

"लई खूश. तासभर तुझंच कौतुक करत होते. असं इमानी पोरगं उभ्या लातुरात न्हाई म्हणाले."

"मग तारीख कवाची धरायची?"





"पोरगी द्यायची न्हाई म्हणाले. म्हणाले, 'शरणप्पा, चाळीस वर्षं बाजारात धान्याची आडत चालवतोय मी. घेतो घेतो म्हणत खिशात पैसे घालून गेलो होतो, अन् त्या पोरानं मला फुकट चहा पाजून रिकाम्या हातानं परत लावून दिलं. देवमाणसाच्या घरात देऊन माझ्या लेकीला उपाशी मारू का?'"