विष-अमृत

राजापेठेतल्या अपार्टमेंटच्या पोरांत प्राजक्ता कायमची कच्चा लिंबू होती. कुबडी टेकत ती सगळ्यांच्या मागं फिरायची, पण तिला कोणी शिवायचंच नाही. आज तिची आई जमुना पोरांवर खेकसली, “हिले बी खरं खेळवा.” विष-अमृत सुरू झालं. विष मिळालं की पुतळा व्हायचं, कोणी शिवून अमृत दिलं तरच सुटायचं. बाकीच्यांना डोळा मारून ईशाननं पहिलं विष प्राजक्तालाच दिलं. ती हरखून पुतळा झाली. पोरं एकेक करून भिंतीपलीकडच्या मैदानात सटकली. दिवेलागणीला जमुना खाली आली, तर पोर तिथंच उभी. “चाल घरी.” “कशी येऊ? अजून कोनी अमृत नाई दिलं मले.” भिंतीपलीकडं हशा पिकला. जमुनानं तिच्या खांद्याला हात लावला, “घे, अमृत.” प्राजक्ता हलली नाही. “तू तं खेळातच नाईस.”