बोथट

सुऱ्यांच्या दुकानदाराने दोन सुऱ्या पुढे ठेवल्या. "ही कडक पोलादाची, वर्षभर धार जाणार नाही. ही मऊ, आठवड्यात बोथट."

"मऊच द्या," बाई म्हणाली. "सहा."

सुरी बोथट झाली म्हणून भांडायला येणारी गिऱ्हाइकं त्याने ढिगाने पाहिली होती. बोथट होणारी मागून घेणारं हे पहिलंच. कुठेतरी पाणी मुरत होतं. त्याने सुऱ्यांवर हात दाबून धरला. "ताई, खरं सांगा, करणार काय यांचं?"

"वडील जन्मभर दारोदार सुऱ्यांना धार लावत फिरले. आता पाय गेले. रोज सकाळी दगड भिजवून बसतात आणि विचारतात, 'पोरी, काही बोथट झालंय का गं?'"