उरलेल्या चपला

सेनगावातल्या केतकीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये धूळ नको म्हणून सगळ्यांच्या चपला दाराबाहेर राहत; तिच्या लालसुद्धा. कॉम्प्युटरवरच्या एका जुन्या गेममधल्या घरात तिने क्लासच्या नऊ पोरांना आणि स्वतःलाही वसवलं होतं. मेमरी कमी, त्यामुळे माणसं वाढली की गेम अडकायचा. सोमवारी तिने गेममधून एकाला काढून टाकलं.

क्लास सुटल्यावर दाराशी एक जोड उरला.

"कुणाचा गं हा?"

"आमी तर पहिल्यापासून आठच हाव, मॅडम," शितल म्हणाली.

पोरं थट्टा करताहेत, केतकीला वाटलं. पण काढलेल्याचं नाव तिलाही आठवेना.

मंगळवारी गेम उघडून बसलेला उद्धव शितलला म्हणाला, "एकाला काढलं. आता गेम बराबर चालून राहिला."

"कुणाला काढलंस?" केतकीने विचारलं. कुणी वर पाहिलं नाही.

पोरं बाहेर पडली. दाराशी शितल थबकली.

"उद्धव, ह्या लाल चपला कुणाच्या रे?"