न मागितलेले बल्ब

वीज कंपनीची माणसं कात्रपमध्ये दारोदार कमी वीज खाणारे बल्ब देऊन गेली, तेव्हा ते फुकटच आहेत असं सगळ्यांना वाटलं. पुढच्याच बिलात त्यांचे पैसे चिकटून आले. शेवंताबाई बल्ब घेऊन कंपनीच्या तक्रार खिडकीवर गेली. आत तिचाच मुलगा बसला होता, धम्मदीप.

"आई, तू कशाला आलीस? मला घरी सांगायचं ना, मी भरले असते."

"का भरायचे? आपण मागितले होते का बल्ब?"

"हळू बोल गं. आत साहेब बसलेत. माझ्या नोकरीवर येईल. आपलं आपण घरी मिटवू."

"आपलं मिटेल रे." शेवंताबाईने मागे वळून बल्ब घेऊन उभ्या असलेल्या बायकांच्या रांगेकडे पाहिलं. "पण या बायकांपैकी कुणाचा मुलगा आत बसलाय?"

धम्मदीपने खिडकीतून रांगेवर नजर फिरवली. मग त्याने बल्ब आत घेतले, 'परत घेतले, पैसे वजा करावेत' असं बिलावर लिहिलं आणि शिक्का मारला.

शेवंताबाई ताठ मानेने बाजूला झाली. आतल्या साहेबांनाही ऐकू जाईल अशा आवाजात धम्मदीपने हाक मारली, "पुढे या, मावशी. तुमचेपण द्या."